शाळेचे ध्येय कसे लिहावे: चांगल्या जगण्याच्या कल्पनेपासून वेळापत्रकापर्यंत

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २२ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा तयार करावयाचा असतो. हा आराखडा तीन वर्षांचा असावा आणि त्यात तीन वार्षिक उपआराखडे असावेत, असे केंद्र सरकारच्या २०१० च्या नियमांत म्हटले आहे. वर्गखोल्या, शिक्षकसंख्या आणि साहित्य यांचे तपशील भरताना समिती मोजमाप करते, हिशेब मांडते, प्रसंगी वादही घालते. पण ध्येयाचा विषय आला की 'विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास' असे लिहून मोकळी होते. या शब्दांत चूक काही नाही, मात्र त्यांवरून काहीच ठरत नाही. चित्रकलेची तासिका काढून गणिताचा जादा तास ठेवावा का, नववीच्या मुलांना सहलीला न्यावे की सराव परीक्षेला बसवावे, शाळेच्या बागेतील खुरपणी हे शिक्षण मानावे की फुकटचे श्रम, असा कोणताही प्रश्न विचारला तरी 'सर्वांगीण विकास' दोन्ही बाजूंना सारखाच पाठिंबा देतो.

असे होण्याचे कारण त्या शब्दांच्या मागे आहे. काय शिकवावे याचे उत्तर कसे जगणे चांगले याच्या उत्तरावर अवलंबून असते, आणि हे दुसरे उत्तर कोणी उच्चारलेलेच नसते. अ‍ॅरिस्टॉटलने राज्यशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या आठव्या भागात हीच तक्रार केली आहे: जगण्यात उपयोगी पडणारे शिकवावे, सद्गुण घडवणारे शिकवावे की उच्च ज्ञान द्यावे, यावर लोकांचे एकमत नाही, कारण सद्गुण म्हणजे काय यावरच ते सहमत नाहीत. सव्वादोन हजारांहून अधिक वर्षांनंतरही पालकसभेत नेमका हाच वाद होतो. फरक इतकाच की तिथे तो 'सेमी इंग्रजी हवे की नको' अशा रूपात होतो.

पुढील मार्गदर्शन मुख्याध्यापक, शिक्षक, समितीचे सदस्य आणि संस्थाचालक यांच्यासाठी आहे. आदर्शवाद, निसर्गवाद, कार्यवाद अशी नावे परीक्षेपुरती पाठ केलेल्या बी.एड.च्या विद्यार्थ्यांनाही त्याचा उपयोग व्हावा.

आधी शाळा आज काय मानते ते वाचून काढा

कोरा कागद घेऊन ध्येय लिहायला बसू नये. शाळेचे एक ध्येय आधीपासून चालू असते. ते कुठे लिहिलेले नसले तरी वेळापत्रकात, बक्षिसांत आणि शिक्षांत दिसते. म्हणून पहिले काम वाचनाचे आहे. या वर्षीचे वेळापत्रक, परिपाठाचा क्रम, स्नेहसंमेलनातील बक्षिसांची यादी, दर्शनी फलकावरील नावे आणि पालकसभांची इतिवृत्ते समोर घ्यावीत, आणि प्रत्येक गोष्टीपुढे एकच प्रश्न लिहावा: ही व्यवस्था शहाणपणाची ठरण्यासाठी माणसाचे कोणते जगणे चांगले मानावे लागेल?

उत्तरे बहुधा अवघडवणारी येतात. सकाळी परिपाठात मुले 'सारे भारतीय माझे बांधव आहेत' अशी प्रतिज्ञा म्हणतात आणि नंतर गुणांच्या उतरंडीने पाडलेल्या अ, ब, क तुकड्यांमध्ये जाऊन बसतात. प्रतिज्ञा बंधुत्वाची आणि बैठक क्रमवारीची, असे असेल तर शाळेची खरी श्रद्धा बैठकीतून वाचावी. फलकावर दहावीच्या पहिल्या तीन क्रमांकांचीच नावे असतील, तर चांगले जगणे म्हणजे इतरांच्या पुढे असणे, ही कल्पना तिथे मान्य झालेली असते; आणि तिची अडचण अशी की ती सर्वांना एकाच वेळी लाभणे तर्कानेच अशक्य आहे. शंभरांपैकी सत्त्याण्णव मुलांना जे मिळूच शकत नाही, ते सार्वजनिक शाळेचे ध्येय कसे असू शकते, हे समितीने स्वतःला विचारावे.

वेळापत्रकातून जीवनदृष्टी कशी वाचता येते, याचे सर्वांत ठळक उदाहरण वर्ध्याचे आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि उत्पादक हस्तोद्योग केंद्रस्थानी ठेवून केलेली रचना यांना तिने मान्यता दिली, आणि या पद्धतीतून हळूहळू शिक्षकांच्या वेतनाचा खर्च निघू शकेल अशी अपेक्षाही नोंदवली. त्यानंतर झाकिर हुसेन समितीने जो आराखडा मांडला, त्यात शाळेचा दिवस साडेपाच तासांचा होता. त्यांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला, म्हणजे केंद्रस्थानी ठेवलेल्या हस्तोद्योगाला, ४० मिनिटे संगीत, चित्रकला व अंकगणित यांना मिळून, ४० मिनिटे मातृभाषेला, ३० मिनिटे समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांना, १० मिनिटे शारीरिक शिक्षणाला आणि १० मिनिटे सुटीला दिली होती. दिवसाचा अर्ध्याहून अधिक वेळ सूत, लाकूड, माती किंवा शेत यांच्याशी जाणार, हे ज्याने ठरवले त्याने चांगल्या माणसाचे चित्रही ठरवलेले होते: हाताने काम करून आपली भाकरी मिळवणारा, गावात राहणारा, कोणाच्या श्रमावर न जगणारा माणूस. या चित्राशी असहमत होता येते. शाळेचे कारखाने होतील, मुलांचे श्रम विकले जातील, अशी टीका तेव्हाही झाली. पण असहमत होता येते याचे कारणच हे की चित्र आणि मिनिटे एकमेकांशी जुळत होती. आपल्या आराखड्यांमध्ये ही जुळणीच नसते, त्यामुळे त्यांवर धड टीकाही करता येत नाही.

मग पर्याय नीट समजून घ्या

चांगल्या जगण्याच्या कल्पना असंख्य असल्या तरी शाळेच्या कामापुरत्या त्यांच्या काही मोजक्या दिशा ओळखता आल्या की पुरे. प्रत्येक दिशेला तिची शाळा कशी दिसेल, हे तपासत जावे.

सुख ही सर्वांत सोपी वाटणारी दिशा. मूल आनंदी असावे, मोठेपणीही आनंदी राहावे, यात वाद कसला? दिल्ली सरकारने २०१८ मध्ये 'हॅपीनेस' अभ्यासक्रम सुरू केला तेव्हा त्यामागची ओढ समजण्यासारखी होती. परंतु सुखाला ध्येय केलेल्या शिक्षणाचा एक जुना आणि नीट नोंदलेला अनुभव उपलब्ध आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल याला त्याच्या वडिलांनी, जेम्स मिल यांनी, बेंथमच्या उपयुक्ततावादाच्या छायेत घरीच शिकवले. तिसऱ्या वर्षी ग्रीक, पुढे लॅटिन, तर्कशास्त्र, अर्थशास्त्र. उद्देश हा की जास्तीत जास्त लोकांचे सुख वाढवणारा सुधारक तयार व्हावा. १८२६ मध्ये, विसाव्या वर्षी, त्याने स्वतःला विचारले की संस्थांमध्ये आणि विचारांमध्ये ज्या सुधारणा मी इच्छितो त्या सर्व याच क्षणी झाल्या तर मला आनंद होईल का. आणि आतून आलेले उत्तर 'नाही' असे होते. पुढे वर्ड्‌स्वर्थच्या कवितेने त्याला बरेच सावरले. विश्लेषण शिकवले गेले, भावना जोपासल्या गेल्या नाहीत, असे निदान त्याने आत्मचरित्रात केले आहे. सुखाचा थेट पाठलाग केला तर ते निसटते आणि दुसऱ्या कशात तरी मन गुंतले की वाटेत भेटते, हा निष्कर्ष त्याने त्यातूनच काढला. शाळेपुरता अर्थ असा की आनंदाची स्वतंत्र तासिका ठेवण्यापेक्षा मुले ज्यात रमतील अशी कामे अभ्यासात किती आहेत, हे मोजणे अधिक उपयोगाचे.

दुसरी दिशा स्वतः निवडलेल्या जीवनाची आहे. माणूस कसा जगतो यापेक्षा ते जगणे त्याने विचारपूर्वक आपले केले आहे का, याला ती महत्त्व देते. मिलच्या १८५९ च्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथात ती आहे, आणि आपल्याकडे आगरकरांनी रूढीपेक्षा बुद्धीला प्रमाण मानण्यासाठी जो झगडा केला त्याचे मूळही तिच्यात आहे. अशा शाळेला वादविवाद, परस्परविरोधी पुरावे, वेगवेगळ्या धर्मांची व व्यवसायांची ओळख आणि शिक्षकाला प्रश्न विचारण्याची मुभा यांवाचून चालणार नाही.

तिसरी दिशा अ‍ॅरिस्टॉटलची. त्याच्या मते चांगले जगणे म्हणजे एखादी अवस्था मिळवणे नसून माणसाच्या क्षमता सद्गुणाने वापरत राहणे होय. आणि न्यायाची कृत्ये करत करतच माणूस न्यायी होतो. हे मान्य केले तर मूल्यशिक्षणाची तासिका फार दुबळी ठरते. पोषण आहाराच्या पंगतीत कोण वाढतो, खेळाचे साहित्य कोण आवरतो, कॉपी पकडली गेल्यावर शिक्षक काय करतात, यांत खरे मूल्यशिक्षण होत राहते, हवे ते किंवा नको ते.

चौथी दिशा आपल्या कानांवरून इतकी गेलेली आहे की तिच्याकडे लक्षच जात नाही. कठोपनिषदात यम नचिकेत्याला सांगतो की श्रेय (हिताचे) आणि प्रेय (प्रिय वाटणारे) या दोन निरनिराळ्या गोष्टी माणसासमोर येतात आणि शहाणा त्यांतून श्रेय निवडतो. या दिशेने जाणारे शिक्षण विवेकाला, संयमाला आणि आत्मज्ञानाला वर ठेवते. पण तिच्या नावावर 'पैसा गौण आहे' असे सांगणाऱ्यांनी तैत्तिरीय उपनिषदातील शिक्षावल्ली एकदा पुन्हा वाचावी. शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरू 'सत्यं वद, धर्मं चर' सांगतो, आणि त्याच दमात 'भूत्यै न प्रमदितव्यम्', म्हणजे समृद्धीकडे दुर्लक्ष करू नकोस, असेही बजावतो. पुढे तो म्हणतो की आमची जी चांगली आचरणे असतील तीच तू अनुसर, इतर नको. शिक्षकाच्या अपूर्णतेला ध्येयाच्या मजकुरात जागा देणारा इतका प्रामाणिक दस्तऐवज आजच्या कोणत्याही शाळेच्या माहितीपत्रकात सापडणे कठीण आहे.

या दिशांचा आपसातील क्रम कसा लावावा, याचा उत्तम नमुना जोतीराव फुले यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये दिला आहे. विद्येविना मती गेली, मतीविना नीती, नीतीविना गती, गतीविना वित्त, आणि वित्ताविना शूद्र खचले, ही साखळी सर्वांना पाठ असते; ती ध्येयांची रचना म्हणून मात्र क्वचितच वाचली जाते. त्यात वित्त नाकारलेले नाही आणि पहिल्या जागीही ठेवलेले नाही. शिक्षणाचा थेट परिणाम विचारशक्तीवर, तिच्यातून नीतीवर, तिच्यातून पुढे सरकण्याच्या बळावर आणि मग मिळकतीवर होतो, असा कार्यकारणभाव तिथे मांडला आहे. 'नोकरी की संस्कार' या पालकसभेतील खोट्या द्वंद्वाला यापेक्षा नेमके उत्तर माझ्या पाहण्यात नाही.

हे जीवन कोणाचे, हा प्रश्न टाळू नका

चांगल्या जगण्याच्या मोठमोठ्या कल्पनांच्या कडेला कोणीतरी बाहेर उभे असते. अ‍ॅरिस्टॉटलच्या चित्रातील नागरिकाला चिंतनासाठी आणि सार्वजनिक कामासाठी फुरसत होती, कारण गुलाम, स्त्रिया आणि कारागीर त्याची इतर कामे करत होते, आणि ते जगणे या सर्वांसाठी नव्हतेच. म्हणून ध्येयाचा कोणताही मसुदा तयार झाला की 'विद्यार्थी' हा गोल शब्द काढून त्या जागी शाळेतील विशिष्ट परिस्थितीतले मूल ठेवून पाहावे: ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर गाव सोडावे लागणारे मूल, दहावीनंतर लग्नाची बोलणी सुरू होतील अशी मुलगी, दृष्टी अधू असलेले मूल, आणि संस्थाचालकांच्या घरातील मूल. वाक्य चारही ठिकाणी सारख्याच अर्थाने उभे राहिले पाहिजे. उत्तम आणि शहाणे आईबाप आपल्या मुलासाठी जे इच्छितात तेच समाजाने आपल्या सर्व मुलांसाठी इच्छावे, हे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई याचे १८९९ मधील सूत्र याच कसोटीचे आहे.

१८८२ हे वर्ष या संदर्भात महाराष्ट्राला खूप काही सांगते. ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे फुल्यांनी निवेदन दिले. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, असे सांगून त्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. त्यांनी सुचवलेल्या अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध (देवनागरी) वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि नीती व आरोग्य यांवरील थोडे पाठ होते. ही यादी साधी दिसते, पण तिच्यात मोडी आणि हिशेब का आहेत हे पाहिले की कागदपत्रांच्या जोरावर फसवला जाणारा शेतकरी डोळ्यांसमोर येतो. कोणाच्या हातची फसवणूक न होता जगणे हा चांगल्या जगण्याचा पहिला भाग आहे, ही कल्पना त्या अभ्यासक्रमात दडलेली आहे. त्याच आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर तयार करण्याची गरज मांडली.

याच्या शेजारी महर्षी कर्वे यांचे १९१६ मधील महिला विद्यापीठ ठेवून पाहावे. जपानमधील महिला विद्यापीठाच्या माहितीवरून त्यांना ही कल्पना सुचली. मातृभाषेचे माध्यम, गृहजीवनाशी जोडलेले विषय आणि स्त्रीचे कार्यक्षेत्र पुरुषाहून वेगळे आहे ही धारणा यांवर त्याची उभारणी झाली. त्या काळी मुलीला महाविद्यालयात पाठवायला कचरणाऱ्या घरांसाठी हा मार्ग मोलाचा होता, असे मला वाटते. तरीही स्त्रीचे चांगले जगणे आधी ठरवून मग तिचे विषय ठरवले गेले, हे विसरता येत नाही. आजही एखाद्या शाळेत कार्यानुभवासाठी मुलींना शिवण आणि मुलांना वायरिंग दिले जात असेल, तर तिथे दोन वेगळी ध्येये चालू आहेत आणि ती कोणी लिहिलेली नाहीत, एवढाच फरक.

उद्याच्या नागरिकासाठी आजचे मूल किती खर्च करायचे

शैक्षणिक ध्येये भविष्याकडे पाहतात, आणि तिथेच त्यांचा मोठा धोका आहे. अनिश्चित भविष्यासाठी मुलाचे वर्तमान बळी देणाऱ्या शिक्षणाला फ्रेंच विचारवंत रूसोने १७६२ मध्ये 'एमिल' या ग्रंथात रानटी म्हटले. ड्यूईने १८९७ मध्ये शिक्षण ही पुढच्या जगण्याची तयारी नसून जगण्याचीच प्रक्रिया आहे असे मांडले. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. ते काम पुढे अनुताई वाघ यांच्यासह, आज पालघर जिल्ह्यात असलेल्या कोसबाडच्या टेकडीवर वाढले. आदिवासी मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून शाळाच कुरणात नेली गेली. कुरणशाळा हा सोयीचा उपाय होताच, पण त्यात एक तात्त्विक निर्णयही होता: या मुलांचे आजचे जगणे शिक्षणाच्या आड येणारा अडथळा नाही, शिक्षण तिथूनच सुरू होते.

व्यवहारात यासाठी एक प्रश्न पुरतो. शिष्यवृत्ती परीक्षेसाठी घेतलेल्या जादा तासांतून, शिष्यवृत्ती न मिळालेल्या मुलाकडे काय उरते? कोडी सोडवण्याची गोडी, वाचनाची सवय, शिक्षकांशी जवळीक असे काही उरत असेल तर ते तास चालू ठेवावेत. केवळ 'आपण त्यांतले नाही' ही जाणीव उरत असेल, तर त्या तासांनी मुलाकडून एक वर्ष घेतले आणि काही दिले नाही. वर्तमानाला मान देणे म्हणजे कष्ट टाळणे नव्हे. नदीत पोहायला शिकताना किंवा तबल्यावर कायद्याची रचना बसवताना मुले स्वखुशीने दमतात.

वाक्य लिहिताना

आता मसुदा. त्यासाठी पालकांना 'शाळेने काय करावे' असे विचारू नये. त्यावर इंग्रजी, संगणक आणि शिस्त एवढीच उत्तरे येतात. त्याऐवजी लहान गटांत बसवून विचारावे की तुमच्या ओळखीत चांगले जगत असलेले माणूस कोण, आणि तुम्ही तसे का म्हणता? नावे सांगण्याची गरज नाही, कारणे सांगावीत. कर्ज नाही, मुले विचारतात, शब्दाला मान आहे, पहाटे भजनाला जाते, कोणापुढे वाकत नाही, अशी कारणे निघतील, आणि त्यांत पगार हा बहुधा एक भाग असेल, सगळे जगणे नव्हे. समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात ही कायद्याची अट (विनाअनुदानित खासगी शाळांना ती लागू नाही) इथे उपयोगी पडते, परंतु आया बोलत नसतील तर त्यांचा गट वेगळा बसवावा.

जमलेल्या कारणांवरून तीन भागांचे एक वाक्य लिहावे: कसे जगणे आम्ही चांगले मानतो, त्यासाठी शाळा काय करील, आणि त्यासाठी शाळा काय सोडून देईल. तिसरा भाग नसेल तर पहिले दोन फलकावरच राहतात. उदाहरणार्थ: 'आपल्या बुद्धीने पारखून घेतलेले, श्रमाला कमी न लेखणारे आणि शेजाऱ्याशी बरोबरीने वागणारे जगणे आम्ही चांगले मानतो, म्हणून प्रत्येक मुलाला पुरावा तपासण्याची, हाताने काही पूर्ण करण्याची आणि सर्वांबरोबर राहण्याची संधी रोज मिळेल, त्यासाठी गुणांनुसार तुकड्या पाडणे आणि इयत्ता आठवीपर्यंत क्रमांक जाहीर करणे आम्ही बंद करू.'

या वाक्याला दोन कसोट्या लावाव्यात. पहिली मिलची: हे सगळे खरोखर साधले, तर त्या मुलाने चाळिसाव्या वर्षी 'बरे झाले, मी असा जगतो' असे म्हणावे यासाठी काय कमी पडेल? जे सुचेल ते वाक्यात घ्यावे. दुसरी कसोटी अमर्त्य सेन यांच्या प्रसिद्ध उदाहरणावरून घेता येते. उपवास करणारा आणि उपासमार सोसणारा, दोघांच्या पोटात अन्न नसते, पण पहिल्यापुढे जेवण्याचा पर्याय असतो. शाळेने मुलाला शेतीत ठेवावे की शहरात पाठवावे, धार्मिक करावे की चिकित्सक, यावर पालकांचे एकमत होणार नाही आणि व्हायलाही नको. शाळेने अशा बाबतीत निकाल देऊ नये. गावात राहिलेले मूल नाइलाजाने राहिलेले नसावे, एवढी क्षमता द्यावी. मात्र काही गोष्टी मतदानाला टाकायच्या नसतात. अधिनियमाच्या कलम २९ ने अभ्यासक्रम संविधानातील मूल्यांशी सुसंगत असावा आणि मूल भय, दडपण व चिंता यांपासून मुक्त असावे असे म्हटलेच आहे. मुलींना कमी शिकवावे किंवा मार दिल्याशिवाय वळण लागत नाही, असे बहुमताने ठरले तरी ते ध्येय होत नाही.

वाक्यापासून तासिकेपर्यंत

ध्येय दूरचे असते, उद्दिष्ट हाताशी असावे लागते. वरच्या उदाहरणातील 'पुरावा तपासणे' घ्या. आठवीच्या अखेरीस विद्यार्थ्याला स्वतःला न पटणारी बाजू समोरच्याला मान्य होईल इतक्या न्याय्यपणे मांडता यावी, असे त्याचे उद्दिष्ट होऊ शकते. मग इतिहासाच्या तासाला एकाच घटनेची दोन वर्णने शेजारी ठेवावी लागतील, विज्ञानात उत्तर चुकलेल्या प्रयोगाची नोंदही वहीत राहू द्यावी लागेल, परिपाठात आठवड्यातून एकदा सुविचाराच्या जागी प्रश्न ठेवता येईल. आणि शिक्षकाला वर्गात 'तुझे बरोबर आहे, माझे चुकले' असे म्हणता यावे लागेल. तेवढे जमत नसेल तर बाकीच्या तीन गोष्टी वाया जातात.

बंधुत्वासारख्या ध्येयासाठी तासिका शोधण्यापेक्षा दिवसाची रचना बदलणे प्रभावी ठरते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ पासून साताऱ्याला वसतिगृह चालवले, तिथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कामही करत. समता हा तिथे विषय नव्हता, रोजचे वागणे होते. आजची दिवसाची शाळा वसतिगृह होऊ शकत नाही. पण बाकांची जागा दर महिन्याला बदलणे, पंगतीत मुख्याध्यापकांनी मुलांबरोबर बसणे आणि स्वच्छतेची पाळी कोणालाही न चुकवणे तिला अशक्य नाही. स्वच्छतेच्या पाळीवरून पालकांची कुरबुर होईल, विशेषतः ज्यांच्या घरी झाडू मुलांच्या हाती कधी येत नाही त्यांची. अशा वेळी वाक्याचा पहिला भाग वाचून दाखवावा. तो त्यांनीच मान्य केलेला असतो.

मूल्यमापनाबाबत माझे मत ठाम आहे. प्रामाणिकपणा, करुणा, धैर्य यांना गुण देऊ नयेत. गुण दिले की मूल प्रामाणिक दिसायला शिकते, आणि अ‍ॅरिस्टॉटलच्या हिशेबाने पाहिले तर जे कृत्य त्या कृत्यासाठीच केले जात नाही ते सद्गुणात मोडत नाही. आकारिक मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदींची सोय आहे; तिथे 'सहकार्याची वृत्ती आहे' असे ठोकळ शब्द उतरवण्याऐवजी घडलेला एखादा प्रसंग दोन ओळींत लिहावा. तीस मुलांच्या वर्गात हे दर सत्राला शक्य आहे, साठ मुलांच्या वर्गात अवघड आहे. तिथे दर सत्राला निम्म्या मुलांबद्दल लिहावे, परंतु सर्वांबद्दल एकच वाक्य उतरवू नये.

पहिला वार्षिक उपआराखडा संपला की परीक्षणासाठी लांबलचक प्रश्नावली नको. वाक्याचा तिसरा भाग काढावा आणि जे सोडून देऊ असे लिहिले होते ते सोडले गेले का, एवढे तपासावे. तुकड्या अजून गुणांनुसारच पडत असतील, फलकावर क्रमांक झळकत असतील, तर त्याची कारणे समितीच्या इतिवृत्तात नोंदवावीत आणि पुढच्या जूनपर्यंत एक पर्याय निवडावा: एक तर तुकड्या मोडाव्यात, किंवा वाक्यातून 'बरोबरीने वागणारे' हे शब्द काढून टाकावेत.